धरण दुरुस्तीला निघालं, तर आधी कोणाला विचारायचं?

25 जुलै 2024 च्या पहाटे पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा खडकवासला धरणातून सोडलेला विसर्ग सुमारे 35 हजार क्युसेकवर जाऊन पोचला होता. रहिवाशांचं म्हणणं एकच होतं: एवढं पाणी सोडणार हे आम्हाला वेळेवर कोणी सांगितलंच नाही. प्रशासन म्हणत होतं, नदीकाठाला इशारा दिला होता. खरं तर दोघांचंही बरोबर असू शकतं. इशारा निघतो तो क्युसेकमध्ये, आणि क्युसेक म्हणजे आपल्या पार्किंगमध्ये किती फूट पाणी, हे तळमजल्यावर झोपलेल्या माणसाला कळायचा मार्ग नसतो. पुणेकरांचं पुराचं माप मुठेच्या पात्रातल्या सखल पुलावरून, ‘भिडे पूल बुडाला का?’ एवढंच असतं, आणि त्याच्या पुढची पायरी ठाऊक नसते.

ती पायरी समजून घेणं अवघड नाही. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. 11,574 क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालला की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी जातं. म्हणजे 35 हजारांनी दिवसाला तीन टीएमसी. खडकवासल्याची साठवणच 1.97 टीएमसी आहे. वरून काही आलं नाही, तर त्या वेगानं ते सोळा तासांत रिकामं होईल. पण वरून येतंच असतं. मुठेवर टेमघर (3.71 टीएमसी), आंबीवर पानशेत (10.65), मोसीवर वरसगाव (12.82), आणि या तिघांचं पाणी खडकवासल्याच्या छोट्या भांड्यात. भांडं भरलं की दारं उघडण्यावाचून इलाज नसतो.

आता महत्त्वाची गोष्ट. ही चारही धरणं पूर अडवण्यासाठी बांधलेली नाहीत. पिण्याला आणि शेतीला पाणी हवं म्हणून ती बांधली आणि पावसाळा संपताना ती काठोकाठ भरलेली असावीत हेच त्यांचं उद्दिष्ट. पूर अडवायचा तर धरणात मोकळी जागा राखावी लागते आणि मोकळी जागा राखली तर उन्हाळ्यात टँकर लागण्याची धास्ती. हा तिढा अभियंत्यांनी एकट्यानं सोडवायचा नाही. धरण किती महिने किती रिकामं ठेवायचं, याची किंमत खाली शहर मोजतं आणि वर डोंगरातल्या वाड्या मोजतात. धरणाची दुरुस्ती, बळकटीकरण, दारं बदलणं, सांडवा वाढवणं अशी कामं निघतात तेव्हा हा हिशेब नव्यानं मांडायची संधी असते. ती आपण बहुतेक वेळा घालवतो, कारण आपल्याला विचारलं जात नाही आणि आपणही विचारत नाही.

कोणी म्हणेल, दुरुस्ती तर तांत्रिक बाब, तिथे लोकांचं काय काम? 12 जुलै 1961 ची आठवण असलेल्या शहरात हा प्रश्न येऊ नये. बांधकाम पुरतं झालेलं नसताना पानशेतमध्ये पाणी साठवलं गेलं, मातीचा बांध खचला, जवानांनी वाळूच्या पोत्यांनी तो सावरायचा प्रयत्न केला. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही फुटलं. जुन्या पुण्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला. त्याची वेळेवर खबर देणारी यंत्रणा मात्र नव्हती. अलीकडचं उदाहरण हवं असेल तर 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि भेंदवाडी वाहून गेली. धरणाला गळती आहे, हे गावकऱ्यांनी आधी कळवलं होतं. त्यानंतर खेकड्यांनी धरण पोखरलं, असं मंत्रीमहोदयांनी सांगितलं. त्याच्या आदल्या वर्षी, 27 सप्टेंबर 2018 ला, मुठा उजवा कालवा जनता वसाहतीजवळ फुटून दांडेकर पुलाच्या वस्तीत घरं वाहून गेली, तेव्हाही उंदीर, घुशी आणि खेकडेच सापडले होते. महाराष्ट्रातल्या खेकड्यांना एकदा तरी सुनावणीची संधी मिळायला हवी. मुद्दा असा की गळती सगळ्यात आधी दिसते ती बांधाच्या पायथ्याशी गुरं चारणाऱ्याला. त्याच्याशी बोलणं हाच तांत्रिक तपासणीचा पहिला भाग आहे.

कायदा काय देतो, काय देत नाही

धरण सुरक्षा कायदा 2021 हा 30 डिसेंबर 2021 पासून लागू झाला. पंधरा मीटरपेक्षा उंच सगळी धरणं आणि दहा ते पंधरा मीटरमधली काही धरणं त्यात येतात. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सक्तीची आहे. धरणाच्या मालकानं, म्हणजे आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जलसंपदा विभागानं आणि मुळशीच्या बाबतीत टाटा पॉवरनं, आपत्कालीन कृती आराखडा करायचा आहे: धरण फुटलं किंवा मोठा विसर्ग सोडावा लागला तर कुठवर पाणी येईल, कोणती वस्ती बाधित होईल, इशारा कसा दिला जाईल. जास्तीत जास्त किती पाणी येऊ शकतं, किती सोडावं लागू शकतं आणि त्यानं वर-खाली काय नुकसान होईल, ही माहिती लोकांसाठी खुली ठेवणंही कायद्यात आहे.

पण आराखडा करताना सल्लामसलत करायची ती आपत्ती व्यवस्थापनाच्या यंत्रणांशी आणि शेजारच्या धरणांच्या मालकांशी. नागरिकांशी करा असं कायदा सांगत नाही. पर्यावरण मंजुरीची जनसुनावणी, जिच्यात जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी बसतात, तीस दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस येते आणि प्रकल्पाचा सारांश मराठीत मिळतो, ती नव्या किंवा वाढीव प्रकल्पांसाठी असते. असलेल्या धरणाच्या दुरुस्तीला बहुतेक वेळा ती लागतच नाही. थोडक्यात, दुरुस्तीच्या कामात लोकांना विचारण्याची सक्ती जवळजवळ नाही. विचारून घ्यायचं काम आपलं.

एक अपवाद लक्षात ठेवा. धरण पुनर्वसन व सुधारणा प्रकल्पाचा दुसरा आणि तिसरा टप्पा केंद्रानं ऑक्टोबर 2020 मध्ये मंजूर केला. त्यात महाराष्ट्र आहे आणि बराचसा पैसा जागतिक बँक व आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेचा आहे. जागतिक बँकेच्या सामाजिक मानकांत सातवं मानक आदिवासी समाजांबद्दल आणि दहावं लोकसहभागाबद्दल आहे. तक्रार निवारणाची व्यवस्था ठेवणंही बंधनकारक आहे. म्हणून तुमच्या भागातल्या धरणाचं काम निघालं की पहिला प्रश्न विचारा: पैसा कुठून येतोय? उत्तरावर तुमच्या हातातलं हत्यार ठरतं.

खालच्या अंगाला: कोणाची यादी करायची

पुण्यात मुठेची निळी पूररेषा 60 हजार क्युसेकवर आणि लाल पूररेषा एक लाखावर धरली जाते. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा. 2024 मध्ये साठ हजारांच्या बऱ्याच खाली घरं बुडाली, यातच नदीपात्रात टाकलेला राडारोडा आणि भराव यांची कथा आली. धरणाच्या दुरुस्तीची चर्चा पात्राची चर्चा सोडून करता येत नाही. सांडवा कितीही मजबूत केला तरी खाली पाणी वाहायला जागा नसेल तर त्या मजबुतीचा त्रास तुम्हालाच.

सोसायट्यांचे लोक सभेला येतात, कारण त्यांच्याकडे लेटरहेड असतं. जे येत नाहीत त्यांची यादी आधी करा: भाडेकरू, बांधकामांवरचे मजूर, नदीकाठचे हातगाडीवाले, झोपडपट्टीतली मंडळी. त्याच 25 जुलैच्या पहाटे डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना विजेच्या धक्क्यानं तीन तरुण गेले. मालमत्ता कराच्या नोंदीवरून केलेल्या कुठल्याही यादीत ती हातगाडी आली नसती.

सभेत मागण्यासारखी गोष्ट एकच, पण ती नेमकी मागा. प्रत्येक वस्तीसाठी तक्ता: विसर्ग 15 हजार, 25 हजार, 35 हजार, 60 हजार असताना तुमच्या गल्लीत पाणी कुठपर्यंत, आणि खडकवासल्यातून निघालेलं पाणी तिथे किती तासांत. हा तक्ता वस्तीच्या भिंतीवर रंगवून घ्यायचा. मुळा-मुठेच्या संगमाच्या खाली राहणाऱ्यांनी मुळेचाही हिशेब मागायचा, कारण मुळशी आणि पवना यांचं पाणी तिकडून येतं आणि मुठेचं पाणी तुंबतं. मुळशी टाटा पॉवरचं आणि बाकीची धरणं जलसंपदा विभागाची असल्यानं हा हिशेब एका टेबलावर क्वचितच येतो. 1916 मध्ये स्थापन झालेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र खडकवासल्यालाच आहे; प्रतिकृती करून पाणी कुठे जाईल हे सांगण्याचं शास्त्र या शहराला परकं नाही.

वरच्या अंगाला: खरं काम इथे आहे

पुणेकरांना धरणाच्या वरची बाजू म्हणजे शनिवार-रविवारची सहल. तिथे कातकरी, महादेव कोळी आणि गवळी धनगर राहतात हे लक्षात येतं ते बातमीत. कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. मुळशी, मावळ, भोर, वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांत त्यांच्या वाड्या विखुरलेल्या आहेत.

दुरुस्तीनं त्यांचं काय बदलतं ते टेमघरच्या उदाहरणावरून पाहा. हे दगडी धरण गळायला लागलं, 2016 मध्ये त्या बांधकामाबद्दल गुन्हे दाखल झाले आणि पुढच्या वर्षीपासून दुरुस्ती सुरू झाली. धरणाच्या अंगात छिद्रं पाडून सिमेंटचं मिश्रण दाबानं भरायचं आणि पाण्याच्या बाजूच्या भिंतीवर काँक्रीटचा थर फवारायचा. पाण्याची बाजू कोरडी असल्याशिवाय तो थर बसत नाही, म्हणून धरण उतरवावं लागतं आणि कामाला मिळतात ते पावसाळ्याआधीचे काही महिने. कुठल्याही धरणाचं पाणी असं खाली गेलं की मासेमारी थांबते, होडीनं ये-जा करणाऱ्या वाड्यांचा रस्ता चिखलात जातो, काठावरच्या विहिरी उतरतात. उलट गाळपेर जमीन, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी सुपीक काठची पट्टी, जास्त मिळू शकते, पण कोणाला? ती कसायला देण्याचा निर्णय खात्याच्या हातात. यावर आधी बोललं तर दुरुस्तीचं वर्ष वाडीला भरपाई न मागताही थोडं पेलता येईल. आधी न बोलता काम सुरू झालं की वाडीला कळतं ते ट्रक आल्यावर.

आंबेगाव तालुक्यात डिंभे धरणाच्या काठी हे करून दाखवलेलं आहे. बुडालेल्या गावांतल्या आदिवासींनी ‘शाश्वत’ संस्थेच्या मदतीनं जलाशयात मासेमारीची स्वतःची सहकारी संस्था उभी केली आणि गाळपेर जमिनीचा आग्रह धरला. 2012 मध्ये त्या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. धरणाच्या पाण्यावर पहिला हक्क धरणानं बुडालेल्यांचा, हे त्यांनी व्यवहारात उतरवलं.

आता सभा कशी घ्यायची. यात सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर.

वेळ. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामाला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, तेव्हा मधे परत येता येत नाही. वाडीला जाग येते ती पावसाच्या तोंडाशी. खात्याच्या बैठका बरोबर डिसेंबर ते मार्चमध्ये होतात, कारण तेव्हा रस्ता सुकलेला असतो आणि आर्थिक वर्ष संपायला आलेलं असतं. रिकाम्या वाडीत दोन म्हाताऱ्यांच्या अंगठ्यांवर सल्लामसलत पूर्ण झाल्याचं इतिवृत्त तयार होतं. सभा जून ते ऑक्टोबरमध्येच मागा आणि ती संध्याकाळी मागा. दिवसाची मजुरी बुडवून कोणी नकाशे बघायला बसत नाही.

जागा. तहसील कचेरीत नाही, गावच्या ग्रामपंचायतीतही शक्यतो नाही. कातकरी वाडी बहुधा मोठ्या महसुली गावाला जोडलेली असते आणि तिथल्या ग्रामसभेत ती अल्पमतात असते. सरपंचाच्या होकाराला वाडीचा होकार समजू नका. सभा वाडीवर, आणि बायकांशी वेगळी बैठक, कारण पाणी आणि सरपण आणणाऱ्या त्याच.

यादी. बाधितांची यादी सातबाऱ्यावरून केली जाते, आणि कातकऱ्याच्या घराखालची जमीनही पुष्कळदा दुसऱ्याच्या नावावर असते. ज्याचा सातबारा नाही तो कागदावर बाधितच नाही. म्हणून यादी घर मोजून करा, चुलीगणिक.

हक्काचा आधार. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा 1996 चा असला तरी पुणे जिल्ह्यात तो आंबेगाव आणि जुन्नरच्या काही गावांनाच लागू आहे. मुळशी-वेल्ह्याच्या वाड्यांना नाही. हे अनेक कार्यकर्त्यांनाही ठाऊक नसतं आणि मग अर्ज पहिल्याच पानावर फेटाळला जातो. वनहक्क कायदा 2006 मात्र सगळीकडे चालतो आणि पाण्यातल्या माशांवरचा सामूहिक हक्क त्यात स्पष्ट आहे. ज्या वाडीनं तो दावा अजून केला नाही, तिनं दुरुस्तीचं काम निघण्याआधी करावा. पत्रव्यवहाराची प्रत घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला जाऊ द्या.

सही. हजेरीच्या कागदावर घेतलेल्या सह्या पुढे संमती म्हणून जोडल्या जातात. सही करताना बाजूला लिहा: ‘फक्त उपस्थिती, संमती नाही.’ अंगठा लावणाऱ्यांसाठी हेच वाक्य कागदाच्या वरच्या बाजूला मोठ्या अक्षरात. इतिवृत्त सभेतच वाचून दाखवायला लावा आणि प्रत तिथल्या तिथे मागा.

अमेरिकेत केंद्र सरकारच्या खात्यांना धरणाच्या कामात आदिवासी जमातींशी सर्वसामान्य जनतेच्या सभेपेक्षा वेगळी, थेट त्यांच्या शासनाशी बोलणी करावी लागतात. तिथलं सगळं आदर्श आहे असं नाही, पण दोन वेगळी टेबलं ही कल्पना घेण्यासारखी आहे. सोसायटीचा अध्यक्ष आणि कातकरी वाडीची म्हातारी एकाच सभेत बसवली की माइक कोणाकडे जातो, ते सांगायला नको.

कागद

ग्रामसभेच्या ठरावासाठी एक मसुदा देतो. जसाच्या तसा वापरला तरी चालेल:

‘ही ग्रामसभा असा ठराव करते की, धरणाच्या दुरुस्तीचे काम सुरू करण्यापूर्वी कार्यकारी अभियंता यांनी कामाचे स्वरूप, जलाशयाची पातळी कोणत्या महिन्यात किती खाली नेणार, सुरुंग व वाहतुकीच्या वेळा, तसेच मासेमारी, गाळपेर जमीन, विहिरी व ये-जा यांवर होणारा परिणाम यांची मराठीतील लेखी माहिती द्यावी, ती प्रत्येक वाडीवर येऊन समजावून सांगावी आणि ग्रामसभेच्या हरकतींना काम सुरू होण्यापूर्वी लेखी उत्तर द्यावे.’

शहरातल्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा तो मंगळवार पेठेतल्या सिंचन भवनात, खडकवासला पाटबंधारे विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे. ‘धरण सुरक्षित आहे का?’ असं विचारू नका. ‘होय’ असं उत्तर येईल आणि फाइल बंद होईल. मागा ती कागदपत्रं: गेल्या दोन वर्षांचे पावसाळ्याआधीचे आणि नंतरचे तपासणी अहवाल, आपत्कालीन कृती आराखड्याची प्रत, पूरबाधित क्षेत्राचे नकाशे आणि जलाशय कोणत्या तारखेला किती भरायचा याचं मंजूर वेळापत्रक. या शेवटच्या कागदात पुराचा अर्धा निकाल असतो आणि तोच कोणी मागत नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. सुरक्षेचं कारण सांगून नकार आला तर अपिलात धरण सुरक्षा कायद्यातल्या खुल्या माहितीच्या तरतुदीचा उल्लेख करा.

उन्हाळी आवर्तन ठरवणारी कालवा सल्लागार समिती पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली बसते. तिथे दरवर्षी शहराला किती, शेतीला किती यावर भांडण होतं, पुराचा विषय निघत नाही. बैठकीआधी आमदारांना पत्र द्या आणि दुरुस्तीच्या वर्षी धरणात किती जागा मोकळी ठेवणार, हा प्रश्न विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्यांना हा प्रश्न आवडणार नाही. त्यांचं नावडणं रास्त आहे आणि तेही सभेत ऐकून घ्यायला हवं. पूर टाळण्याची सगळी किंमत कालव्याच्या शेवटच्या टोकानं का मोजायची?

न विचारण्याची सवय जुनी आहे. एप्रिल 1921 मध्ये मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, आणि 1924 पर्यंत चाललेल्या त्या लढ्यानंतरही धरण झालंच. मावळ्यांना विचारलं गेलं नव्हतं. आजही त्या खोऱ्यात धरणाच्या कामाची माहिती वाडीवर आधी पोचते असं नाही.

असलेल्या प्रत्येक धरणाचा पहिला आपत्कालीन कृती आराखडा करण्यासाठी धरण सुरक्षा कायद्यानं पाच वर्षं दिली आहेत. ती 30 डिसेंबर 2026 ला पूर्ण होतात. आपल्या धरणाच्या आराखड्यात आपली गल्ली आणि वरची वाडी नावानिशी आहे का, हे विचारणारा अर्ज या आठवड्यात टाका. फी दहा रुपये.